दगडाला खाडाखोड चालत नाही

ज्येष्ठ शुक्ल पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, दिगंबर परंपरेतील जिनमंदिरांची शास्त्रभांडारे उघडली जातात. कपाटातील ग्रंथ बाहेर काढून पुसले जातात, जुनी वेष्टने बदलली जातात, कोठे वाळवी अथवा ओल लागली आहे काय हे पाहिले जाते आणि मग पूजन होते. श्वेतांबर परंपरेत हाच भाव कार्तिक शुक्ल पंचमीच्या ज्ञानपंचमीत प्रकट होतो. ज्ञान एकदा लिहून ठेवले की ते कायमचे सुरक्षित झाले, अशी आपल्या पूर्वजांची समजूत नव्हती. ते वर्षातून एकदा तरी उघडून पाहावे लागते, हे त्यांनी ओळखले होते आणि त्या ओळखीला सणाचे रूप दिले होते.

आज व्यापारी घरांतील पुष्कळसे ज्ञान ताडपत्रावर अथवा कागदावर नाही. ते संगणकातील फाइलींत आहे. बांधकाम साहित्य, संगमरवर, लाकूडकाम, पत्र्याची कामे, यंत्रांचे सुटे भाग अशा ज्या ज्या धंद्यांत नकाशा लागतो, तेथे पेढीची खरी पुंजी म्हणजे ही ड्रॉइंगे होत. ती उघडून पाहण्याचा सण मात्र अजून कोणी साजरा करीत नाही. फाइल एका आवृत्तीत तयार होते, दुसऱ्या आवृत्तीत उघडली जाते, तिसरीत रूपांतरित होते आणि चौथ्या ठिकाणी यंत्रावर चढते. या प्रवासात नेमके काय हरवते, हे बहुधा माल कापून झाल्यावरच कळते.

सोळा स्तंभांची गोष्ट

हे कसे घडते, ते समजण्यासाठी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. दक्षिण महाराष्ट्रातील एका नदीकाठच्या गावी जुन्या जिनमंदिराचा जीर्णोद्धार सुरू आहे. सभामंडपासाठी सोळा दगडी स्तंभ घडवायचे आहेत. काम ज्या पेढीकडे आले, ती तीन पिढ्यांची. आजोबांनी शहाबादी फरशीपासून सुरुवात केली, अण्णांनी संगमरवर आणला आणि पुतण्याने संगणकावर चालणारे कोरीव यंत्र बसविले. वास्तुतज्ज्ञ पुण्याचे, त्यांच्याकडे ऑटोकॅडची नवी आवृत्ती. पेढीवर मात्र २०१२ ची आवृत्ती, एकदाच पैसे भरून रीतसर विकत घेतलेली आणि आजवर विनातक्रार चाललेली.

पुण्याहून पहिली फाइल आली, ती पेढीच्या संगणकावर उघडेना. पुतण्याने फोन करून जुन्या आवृत्तीत फाइल मागवली. ती आली, उघडली, कामाला लागली. तीन आठवड्यांनी स्थपतींनी जुन्या गाभाऱ्याच्या दाराची उंची पुन्हा मोजली आणि स्तंभाचा दंड दोन इंचांनी वाढवावा, असे ठरले. वास्तुतज्ज्ञांच्या कार्यालयाने दुरुस्त फाइल पाठवली. पण सवयीने नव्या आवृत्तीत. पेढीवर ती पुन्हा उघडली नाही. लग्नसराई संपून बांधकामाचा हंगाम ऐन भरात होता. ‘सारखे सारखे काय मागायचे, ड्रॉइंग तर आपल्याकडे आहेच,’ असे म्हणून पुतण्याने हाताशी असलेली जुनी फाइल यंत्रावर चढवली.

सहा दंड कापून झाल्यावर मंदिराचे एक विश्वस्त सहज कारखान्यात आले. त्यांच्या हातात दुरुस्त नकाशाचा छापील कागद होता. त्यांनी खिशातून टेप काढला, एका दंडाला लावला आणि काही न बोलता तो पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, “अण्णा, दोन इंच कमी आहेत.”

कागदावरची रेघ पुसता येते, पडद्यावरची तर क्षणात बदलता येते. पण दगडाला खाडाखोड चालत नाही. पुतण्या म्हणाला, “अण्णा, फाइल उघडलीच नाही हो.” अण्णांनी त्याला एकच प्रश्न विचारला: “उघडली नाही, हे तू कोणाला सांगितलेस?” त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. सहा दंडांचा खर्च अण्णांनी पेढीच्या खात्यावर लिहिला, मंदिराच्या नव्हे. कमी उंचीचे ते दंड पुढे धर्मशाळेच्या ओसरीत लागले. प्रतिष्ठेचा मुहूर्त टळला नाही. परंतु त्यासाठी कारखान्यात दीड महिना दोन पाळ्यांत काम करावे लागले.

या प्रसंगात कोणी लबाडी केली नाही आणि निष्काळजी म्हणावे असेही कोणी नव्हते. दोन संगणकांतील आवृत्तीचा फरक आणि एक न केलेला फोन, एवढ्यानेच सहा शिळा चुकल्या. म्हणून हा विषय केवळ संगणक शिकलेल्या मुलांवर सोडून देण्याजोगा नाही. गादीवर बसणाऱ्यांनीही तो समजून घ्यावयास हवा.

आवृत्ती म्हणजे नेमके काय

ऑटोकॅड ही प्रणाली १९८२ च्या डिसेंबरात बाजारात आली. तिच्या फाइलींना डीडब्ल्यूजी म्हणतात. ‘ड्रॉइंग’ या शब्दाचाच तो संक्षेप. गेल्या चार दशकांत प्रणाली वाढत गेली, तिच्यात नव्या सोयी आल्या आणि त्या सोयी साठवून ठेवण्यासाठी फाइलीची आतील रचनाही वेळोवेळी बदलली. वहीचे रकाने बदलल्यावर जुन्या मुनिमाला नवी वही लागत नाही, तसेच जुन्या प्रणालीला नवी फाइल वाचता येत नाही. नव्या मुनिमाला मात्र जुन्या वह्या वाचण्याचे शिक्षण दिलेले असते. सारांश, नवी प्रणाली जुनी फाइल उघडते. जुनी प्रणाली नवी फाइल उघडत नाही. हा एक नियम लक्षात राहिला तरी निम्मे गोंधळ टळतात.

दिलासा असा, की रचना दरवर्षी बदलत नाही. २०००, सुधारित २०००-आय आणि २००२ या आवृत्त्यांची रचना एकच आहे. २००४ ते २००६ या तीन आवृत्त्यांची एक, २००७ ते २००९ यांची एक, २०१० ते २०१२ यांची एक आणि २०१३ ते २०१७ या पाच आवृत्त्यांची एक. २०१८ मध्ये जी रचना आली, ती पुढे अनेक वर्षे तशीच चालू राहिली. म्हणून २०१५ ची प्रणाली असलेला माणूस २०१७ ची फाइल बिनदिक्कत उघडू शकतो. पण २०१८ ची नाही. वर सांगितलेल्या पेढीवरील २०१२ ची प्रणाली २०१० च्या रचनेपर्यंतच वाचू शकत होती. पुण्याची फाइल २०१८ च्या रचनेची होती. ती उघडणे शक्यच नव्हते.

फाइल कोणत्या रचनेची आहे हे ती न उघडताही ओळखता येते. कोणतीही डीडब्ल्यूजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर अगम्य चिन्हांच्या राशीत अगदी आरंभीची सहा अक्षरे मात्र स्पष्ट दिसतात. पहिली दोन ‘एसी’ ही रोमन अक्षरे आणि पुढे चार अंक. १००९ असेल तर ती अकराव्या किंवा बाराव्या आवृत्तीची. १०१२ म्हणजे तेरावी, १०१४ म्हणजे चौदावी. १०१५ म्हणजे २००० ची रचना. १०१८ म्हणजे २००४ ची. १०२१ म्हणजे २००७ ची. १०२४ म्हणजे २०१० ची. १०२७ म्हणजे २०१३ ची आणि १०३२ म्हणजे २०१८ ची. हे आकडे एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवावेत. नोटपॅडमध्ये पाहून झाल्यावर फाइल जतन न करता बंद करावी, एवढी खबरदारी पुरे.

न उघडणारी फाइल हाती आली तर दोन मार्ग असतात. पहिला, पाठवणाऱ्याकडून जुन्या रचनेत मागवणे. नव्या ऑटोकॅडमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना डीडब्ल्यूजीसाठी थेट चौदाव्या आवृत्तीपर्यंत मागे जाता येते. इतकेच नव्हे, तर नेहमीची जतन करण्याची रचनाच जुनी ठेवण्याची सोय प्रणालीच्या ‘ऑप्शन्स’मधील ‘ओपन अँड सेव्ह’ या भागात आहे. दुसरा मार्ग स्वतः रूपांतर करण्याचा. ऑटोडेस्क कंपनीचीच ‘डीडब्ल्यूजी ट्रू-व्ह्यू’ ही प्रणाली विनामूल्य मिळते; तिच्यात फाइल पाहता येते, मोजता येते आणि जुन्या रचनेत बदलूनही घेता येते. पुतण्याच्या संगणकावर ही एक प्रणाली असती, तर दुरुस्त नकाशा पाहण्यासाठी त्याला कोणाला फोनही करावा लागला नसता. अनोळखी संकेतस्थळांवर फाइल चढवून ती बदलून घेण्याचा मोह मात्र टाळावा. ग्राहकाचा नकाशा ही ग्राहकाची ठेव आहे. ती परक्याच्या हाती देण्याचा अधिकार पेढीला नाही.

रूपांतरात काय हरवते

फाइल उघडली म्हणजे ती बरोबर उघडली, असे समजणे ही दुसरी चूक. नव्या रचनेतून जुन्या रचनेत जाताना ज्या सोयी जुन्या आवृत्तीत अस्तित्वातच नव्हत्या, त्यांचे काहीतरी करावे लागते. २००६ च्या आवृत्तीत ‘डायनॅमिक ब्लॉक’ आले: एकच खिडकी ओढून लहान-मोठी करता येईल अशी आकृती. अधिक जुन्या आवृत्तीत ती दिसते, पण तिची लवचीकता जाते. २००८ मध्ये नकाशाच्या प्रमाणानुसार आपोआप आकार बदलणारी अक्षरे आणि मापे आली. मागच्या आवृत्तीत ती तशी वागत नाहीत. थरांची, म्हणजे लेअरची नावे चौदाव्या आवृत्तीपर्यंत ३१ अक्षरांहून मोठी असू शकत नव्हती. २००० पासून ती २५५ अक्षरांपर्यंत जाऊ लागली. फार मागे गेल्यास ही नावे तोडली-बदलली जातात आणि कोणत्या थरावर काय होते, याचा मेळ बसत नाही.

आपल्याकडील जुन्या नकाशांत आणखी एक अडचण हमखास भेटते. ती मराठी अक्षरांची. २००७ च्या रचनेपासून डीडब्ल्यूजी फाइलीत युनिकोड अक्षरसंच वापरला जाऊ लागला. त्यापूर्वीच्या नकाशांत देवनागरी मजकूर लिहिला जाई तो विशिष्ट फॉन्टांच्या आधाराने. आत साठवलेली अक्षरे रोमन संकेतांची, वर दिसणारे रूप मात्र देवनागरी. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तेथे ‘गर्भगृह’ लिहिलेल्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांची खिचडी दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्याची किल्ली हरवलेली असते. म्हणून जुन्या फाइलींबरोबर त्यांचे फॉन्टही जपून ठेवणे आवश्यक आहे.

फॉन्टाप्रमाणेच ‘एक्सरेफ’ हा दुवा तुटतो. मोठ्या नकाशात सर्व काही एकाच फाइलीत नसते; स्तंभांची फाइल वेगळी, शिखराची वेगळी आणि मुख्य नकाशा त्यांना फक्त बोलावून घेतो. मुख्य फाइल तेवढी पाठवली तर स्तंभ दिसतच नाहीत. यासाठी ऑटोकॅडमध्ये ‘ई-ट्रान्समिट’ अशी सोय आहे. ती मुख्य फाइल, तिला जोडलेल्या फाइली आणि लागणारे फॉन्ट यांचे एकच गाठोडे बांधून देते. त्याच वेळी जुन्या रचनेत रूपांतरही करून देते. कापड पाठवताना त्याबरोबर अस्तर आणि गुंड्याही पाठवाव्यात, तसाच हा प्रकार.

कोरीव यंत्राकडे जाणारी फाइल बहुधा डीएक्सएफ स्वरूपाची असते. निरनिराळ्या प्रणालींना एकमेकींचे नकाशे वाचता यावेत, म्हणून हे स्वरूप ऑटोकॅडबरोबर १९८२ मध्येच आले. जुनी यंत्रे पुष्कळदा बाराव्या आवृत्तीचे डीएक्सएफ मागतात. त्या रचनेत वळणदार ‘स्प्लाइन’ रेषेला स्थान नाही. तिच्या जागी बहुरेषा येते. कमळाच्या पाकळीची सलग वळणे लहान लहान तुकड्यांची होतात आणि संगमरवरावर ते तुकडे बोटाला जाणवतात. त्याहून घातक गोष्ट एककाची. बाराव्या आवृत्तीच्या डीएक्सएफमध्ये आकडे असतात, पण ते इंचांत आहेत की मिलिमीटरमध्ये, याची नोंद नसते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. यंत्र चालवणाऱ्याने चुकीचे एकक निवडले, तर सगळाच हिशेब बिघडतो. आपल्या शिल्पपरंपरेत हस्त आणि अंगुल यांचे नाते, २४ अंगुलांचा एक हस्त, काम सुरू करण्यापूर्वीच पक्के केले जाई. मापदंड आधी, छिन्नी नंतर. आजच्या यंत्रालाही तोच क्रम लागू आहे.

केवळ ऑटोकॅडच वापरावे, असेही नाही. डीडब्ल्यूजी रचना इतरांनाही वाचता-लिहिता यावी यासाठी १९९८ मध्ये ‘ओपन डिझाइन अलायन्स’ ही संस्था स्थापन झाली. त्या वेळी तिचे नाव ‘ओपन डीडब्ल्यूजी अलायन्स’ होते. ब्रिक्सकॅडसारख्या स्वस्त पर्यायी प्रणाली त्यामुळे डीडब्ल्यूजी फाइलींवर काम करू शकतात. लहान पेढीला त्या परवडतात. मात्र महत्त्वाच्या कामापूर्वी एकदा दोन्हीकडे तीच फाइल उघडून मापे जुळवून पाहावीत. इमारतींच्या आराखड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रेव्हिट या प्रणालीच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते: तेथे नव्या आवृत्तीत एकदा जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत परत नेण्याची सोयच नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी सर्वांनी कोणती आवृत्ती वापरायची, हे ठरवून घ्यावे लागते.

आवक-जावक नोंदवही

व्यापारी घराला यातील शिस्त नवी नाही. मालाची आवक-जावक नोंदवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तीच फाइलींना लावायची. एक साधी वही अथवा संगणकातील तक्ता पुरे. आलेल्या प्रत्येक ड्रॉइंगची तारीख, पाठवणाऱ्याचे नाव, दुरुस्तीचा क्रमांक, फाइलीची रचना, ती येथे उघडली की नाही आणि तिच्या जागी कोणती जुनी फाइल रद्द झाली, एवढे सहा रकाने पुरेसे आहेत. ‘उघडली नाही’ हा शेरा सर्वांत महत्त्वाचा. तो लिहिला की कोणीतरी तो वाचतो आणि विचारतो. सोळा स्तंभांच्या कामात हा एक रकाना असता, तर अण्णांचा प्रश्न सहा दंड कापण्यापूर्वीच विचारला गेला असता.

मूळ फाइल एकच असावी आणि ती कोणाकडे आहे हे सर्वांना माहीत असावे. रूपांतर करून घेतलेली प्रत ही वापरण्यासाठी; दुरुस्त करून परत पाठवण्यासाठी नव्हे. नवीतून जुनीत आणि जुनीतून पुन्हा नवीत अशा फेऱ्या झाल्या की काय गळाले याचा माग लागत नाही. बदल हवा असेल, तर तो मूळ फाइल ज्याच्याकडे आहे त्यानेच करावा. फाइलीच्या नावात ‘फायनल’ हा शब्द वापरू नये. अनुभव असा आहे, की एका ‘फायनल’नंतर चार ‘फायनल’ येतात. त्याऐवजी कामाचे नाव, दुरुस्तीचा क्रमांक आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घालावी. जुन्या दुरुस्त्या पुसू नयेत. ‘रद्द’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवाव्यात, म्हणजे त्या चुकून यंत्रावर चढणार नाहीत.

प्रत्येक ड्रॉइंगबरोबर त्याची पीडीएफ प्रत मागावी. पीडीएफ कोणत्याही संगणकावर आणि फोनवर तशीच दिसते. रूपांतरात काही हरवले असेल, तर दोन्ही शेजारी ठेवल्यावर ते लगेच कळते. त्या पीडीएफवर तीन तपासणी-मापे ठळक लिहून घ्यावीत: एक आडवे, एक उभे आणि एक तिरपे. यंत्रावर फाइल चढवल्यावर आणि कापणी सुरू करण्यापूर्वी ही तीन मापे पडद्यावर मोजावीत. एकक चुकले असेल, प्रमाण बदलले असेल अथवा जुनी फाइल चढली असेल, तर या तीन मापांतील एक तरी बोलते. तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. नकाशा जुनाट अथवा बिघडलेला वाटला, तर ‘ऑडिट’ आणि ‘रिकव्हर’ या आज्ञा त्यातील दोष शोधून दुरुस्त करतात. ‘पर्ज’ निरुपयोगी भार काढून टाकते. मात्र या आज्ञा नेहमी प्रतीवर चालवाव्यात, मुळावर नव्हे.

आणि करारपत्रात एक ओळ घालावी: ड्रॉइंगे कोणत्या रचनेत, कोणत्या एककात आणि पीडीएफसह दिली जातील. ही ओळ लिहिलेली असली की जुन्या आवृत्तीत फाइल मागण्याचा संकोच उरत नाही. जे ठरलेले आहे ते मागण्यात कमीपणा कसला?

अचौर्याचा प्रश्न

येथे एक अवघड गोष्टही बोलावी लागते. २०१६ पासून ऑटोडेस्कने आपल्या बहुतेक प्रणालींची नवी कायमस्वरूपी विक्री थांबवून वार्षिक वर्गणीची पद्धत आणली. हा खर्च लहान पेढ्यांना जड वाटतो आणि मग बाजारात फिरणाऱ्या कुलूपतोड प्रतींकडे हात जातो. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ याच्या कलम ६३-बी प्रमाणे संगणक-प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु श्रावकाला कायद्याच्या आधी व्रत आठवावे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत स्वतः चोरी न करता चोरीची वस्तू स्वीकारणे हा एक आहे आणि मापात कमी-अधिक करणे हा दुसरा. कुलूपतोड प्रणालीवर चुकीचे माप काढणाऱ्या पेढीच्या दारात हे दोन्ही एकाच वेळी येऊन उभे राहतात. व्यवहाराच्या दृष्टीनेही अशी प्रत महाग पडते: तिच्यात दुरुस्त्या येत नाहीत, विषाणू मात्र येतात. वर्गणी जड असेल, तर पर्यायी प्रणाली, रीतसर घेतलेली जुनी आवृत्ती आणि विनामूल्य ट्रू-व्ह्यू यांच्या साहाय्याने काम स्वच्छ राहून चालवता येते.

धवलाची शिकवण

जुन्या रचनेतील ज्ञान नव्या रचनेत कसे आणावे, याचा एक थोर आदर्श जैन समाजाच्या इतिहासातच आहे. आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकात षट्खंडागमावर रचलेली धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर जपलेली होती. पाने टिकली होती, शाईही टिकली होती; पण ती जुन्या कन्नड लिपीत होती आणि ती लिपी वाचणारे कमी कमी होत चालले होते. आजच्या भाषेत बोलायचे, तर फाइल शाबूत होती; ती उघडणारी प्रणाली नाहीशी होत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या पोथ्यांच्या नव्या लिपीत नकला करण्याचे काम सुरू झाले. त्यास चालना देणाऱ्यांत सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद हे व्यापारीच होते. पुढे १९३९ मध्ये अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग देवनागरीत छापून आला आणि अखेरीस १६ भागांत तो ग्रंथ सर्वांना खुला झाला.

त्या कार्यातील शिस्त पाहण्याजोगी आहे. मूळ ताडपत्रे फेकली गेली नाहीत. ती आजही पूज्य आहेत. नकल झाल्यावर तीच प्रमाण, असे मानले गेले नाही. पाठ ताडून पाहिले गेले. आणि लिपी वाचणारा शेवटचा माणूस जाण्यापूर्वी काम हाती घेतले गेले. श्वेतांबर परंपरेतही मुनी पुण्यविजयजींनी पाटण आणि जैसलमेरच्या भांडारांची व्यवस्था लावताना याच वृत्तीने काम केले. मूळ जपा, नव्या रूपात आणा, ताडून पाहा आणि वेळ असतानाच करा, ही चार सूत्रे संगणकातील फाइलींना जशीच्या तशी लागू पडतात.

म्हणून श्रुतपंचमीचा अथवा ज्ञानपंचमीचा दिवस पेढीच्या फाइलींसाठीही राखून ठेवावा. लाभपंचमीला नव्या वह्या उघडणाऱ्या घरांना तर हे अगदी सोयीचे आहे. जुन्या सीडी, पेन-ड्राइव्ह आणि बंद पडत चाललेले संगणक त्या दिवशी बाहेर काढावेत. त्यांतील महत्त्वाची ड्रॉइंगे उघडतात काय ते पाहावे. मंदिराचे, घराचे, कारखान्याचे नकाशे मूळ रूपात तसेच ठेवून त्यांची एक प्रत चालू रचनेत, एक डीएक्सएफमध्ये आणि एक दीर्घकालीन जतनासाठी ठरवलेल्या पीडीएफ-ए या स्वरूपात करावी. २००५ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. या सर्वांच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, अशी वाटणी असावी. कृष्णाकाठच्या लोकांना पुराने भिजलेली कपाटे पाहिल्यानंतर हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. मंदिरांच्या विश्वस्तांनी तर हे काम अवश्य करावे. वास्तुतज्ज्ञ बदलतात, आरेखक निवृत्त होतात, पण मंदिराला पुढच्या शतकातही आपला नकाशा लागणार असतो.

त्या नदीकाठच्या मंदिरात आता सोळाही स्तंभ एका उंचीने उभे आहेत असे समजावे. पेढीच्या भिंतीवर एसी १००९ पासून एसी १०३२ पर्यंतच्या आकड्यांचा कागद चिकटवलेला आहे आणि नोंदवहीतला ‘उघडली नाही’ हा रकाना रोज संध्याकाळी अण्णा स्वतः पाहतात. धर्मशाळेच्या ओसरीत टेकून बसणाऱ्या यात्रेकरूंना ते सहा दंड आखूड आहेत हे कळण्याचे कारण नाही. पुतण्याला मात्र ते दर वेळी दिसतात; आणि कोणतीही फाइल यंत्रावर चढवण्यापूर्वी तो आधी तीन मापे मोजतो.